कोकमाचा तिसरा पेला

आमचे हे, कमळाकर, पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतात. चाळीस वर्षं झाली. एक डोळा झाला की दुसरा पुरा होईपर्यंत हे जागचे हलत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. पापणीत केसाएवढी चूक झाली तरी यांना दिसते. पण स्वतःच्या लघवीतून रक्त जातंय, हे सहा महिने कळलं नाही. त्यांना तरी कशाला बोल लावू? शहाणी मी होते. लाल होतंय म्हणाले तेव्हा "उन्हाळी लागलीय" म्हणत मीच कोकम सरबत सुरू केलं. पुन्हा लाल दिसलं, तर कोकमाचाच रंग उतरतोय म्हणून मोकळी झाले. दुखत काही नव्हतं ना. दुखलं असतं तर दवाखाना गाठला असता.

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, विड्या सुटल्या, माणूस वाचला. त्या दिवसापासून माझ्या घरात कोकम नाही.

यांच्यावर रोह्याच्या डॉक्टर किमया उपचार करत होत्या. रोज रंग हाताळणाऱ्या माणसांत हा आजार लवकर कसा ओळखायचा, याचा अभ्यास त्यांना आणि त्यांच्या मुंबईच्या सरांना करायचा होता. त्यासाठी पैसे हवे होते, आणि पेणच्या कारागिरांचे, रोह्याच्या कामगारांचे लघवीचे नमुने. पैशांचं आमच्या यांनी अंगावर घेतलं. पेणच्या प्रत्येक कारखान्याने एकेक मूर्ती दिली, डोळे तेवढे कोरे. यांनी रोह्यात लोकांसमोर ते डोळे आखायचे, आणि मूर्ती नेणाऱ्याने अभ्यासासाठी मनाला येईल ते द्यायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी हॉल भरला. यांचा हात आताशा थरथरतो, पण ब्रश टेकला की थरथर थांबते. ते बघून माझेच डोळे भरून आले. मूर्ती पटापट जात होत्या. नमुन्याच्या टेबलावरच्या बाटल्यांना मात्र कोणी हात लावेना. डॉक्टरांनी बोलावलं की एकेकाला घरची कामं आठवत होती.

माझा धाकटा भाऊ दिनानाथ रोह्यातल्या रंगाच्या कंपनीत शिफ्ट करतो. हॉल त्यानेच मिळवला, खुर्च्या त्यानेच लावल्या. बायकांनी दारात सरबताचं टेबल मांडलं होतं, तेही कोकमाचंच. माझं डोकं फिरलं होतंच, त्यात दिना तिथे तिसरा पेला तोंडाला लावताना दिसला.

"दिना, किती पितोस रे?"

"उन्हाळी लागलीय गो ताई. महिना झाला."

"दुखतंय?"

"नाय गो. दुखत काय नाय."

मी जवळ सरकले. "लाल होतं?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "हळू बोल ना. लोक हायत."

मी त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि हॉलकडे तोंड केलं. दिनाचं नाव घेतलं नाही. माझंच सांगितलं.

"आमच्या ह्यांच्या लघवीतून रक्त जात व्हतं. मी सहा महिने त्यांना कोकम पाजलं. दुखत नव्हतं म्हणून डॉक्टरकडे नेलं नाय. माझी चूक तुम्ही करू नका. एकदा जरी लाल दिसलं तरी दाखवा."

लाजेने माझे कान तापले होते. तेवढ्यात हे उठले. समोरच्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा कोरा होता. यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पेल्याकडे, मग दिनाकडे. नमुन्याच्या टेबलावरून दोन बाटल्या उचलल्या.

"चल दिना," म्हणाले. "मला पण नमुना द्यायचाय."

"भावोजी, बाप्पाचा डोळा ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ दे. तू चल."

दोघं परत आले तेव्हा टेबलापाशी रांग लागली होती. डॉक्टर किमयांनी दिनाची बाटली उजेडात धरली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला दवाखान्यात बोलावलं.

गाठ निघाली. लहान होती, वेळेत सापडली. दिना ऑपरेशन करून घरी आला त्या संध्याकाळी हे तीच मूर्ती घेऊन त्याच्या पडवीत बसले. दिनाकडे बघत बघत दुसरा डोळा आखला. या वेळी ब्रश टेकल्यावरही थरथर थांबली नाही, आणि पापणी जराशी वाकडी आली. ती यांना दिसली, पण यांनी पुसली नाही.