पेटीतली ऊब

रविवारी सकाळी दहाच्या आतच जिन्यावर चपलांचा ढीग पडला होता. वरच्या खोलीत वीस माणसं जेमतेम मावली असती. चाळीस बसली होती. मधोमध टेबलावर एक काळी पेटी, पेटीवर हातभर लांबीची लाल रेसिंगची गाडी, आणि गाडीवर दोन्ही तळवे टेकून मामा उभा. सगळे ओठ मिटून गुणगुणत होते. भिंतीला कान लावला असता तर मधमाश्यांचं पोळं आहे असं वाटलं असतं.

"ताई, बघ आता हात लावून," मामा म्हणाला.

म्हातारीने पेटीच्या बाजूच्या झडपेतून बोटं आत घातली आणि बॅटरीवर टेकवली. तिचा चेहरा सैल झाला.

"आला," ती म्हणाली. "गरम झाली रे. आला माझा मुलगा."

खोलीभर हुंदके फुटले. पुढच्या रांगेतल्या निवृत्त मास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मामा, आमच्या ह्यांनाही बोलवा ना हो एकदा."

"बोलावू की, बाई. पण तिकडेही रांग असते. आणि तुमचे हे हयातीतच कुठे वेळेवर यायचे?"

लोक रडता रडता हसले. मामाचं हेच कसब होतं. पूर्वी तो घरोघर फिरून पाण्याची फिल्टर यंत्रं विकायचा. माणूस रडत असताना सही कशी घ्यायची, हे त्याला तिथेच कळलं होतं.

"ऊर्जा कधी नष्ट होत नाही," तो आता सांगू लागला. "शाळेत शिकलात ना? मग माझा भाचा गेला कुठे? आठ महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडला, देह गेला, पण ऊर्जा? ती ह्या लिथियममध्ये उतरली. मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं!"

विज्ञान दाराशी उभं होतं, हातात दुकानाची पिशवी घेऊन. ती ह्या घरची सून, त्या गेलेल्या मुलाची बायको. चार गल्ल्यांपलीकडे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ती काम करायची. जळालेल्या मोटरींचा वास तिच्या ओढणीला कायमचा चिकटलेला. ह्या रविवारच्या बैठकांना तिला मज्जाव होता. मामाने नियमच काढला होता: हाकेला रक्ताचंच माणूस लागतं, बायको रक्ताची नसते; बाहेरचे चाळीस मात्र चालायचे. आज मात्र मुद्दाम बोलावणं आलं होतं, कारण आज निवाडा तिचाच होता.

ह्या पेटीला तिच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. नवऱ्याला छोट्या रेसिंग गाड्यांचं वेड. खेळण्याएवढ्या, पण खऱ्या इंधनावर धावणाऱ्या. त्या गाड्यांना किल्ली नसते, त्यांना सुरू करायला ही पेटी लागते. आत एक मोटर, एक लिथियम बॅटरी, वर डोकावणारं रबरी चाक. गाडी पेटीवर ठेवून खाली दाबली की स्प्रिंगवरची फळी दबते, फळीखालचं बटण लागतं, मोटर चाक फिरवते आणि चाक गाडीच्या इंजिनाला. हात उचलला की सगळं बंद. अपघाताच्या दिवशी पेटी त्याच्या पायांशी होती. त्याच्याबरोबर तीही नाल्यात पडली, आणि दोन दिवसांनी कुणीतरी ती पुसून घरी आणून दिली.

पुढे काय झालं ते तिने ऐकलं होतं. सासूने एके दुपारी मुलाची गाडी पेटीवर ठेवली, त्याच्या डोक्यावर ठेवावेत तसे तिच्यावर हात ठेवले, आणि भार टाकून रडली. गाडी सुरू झाली नाही, पण पेटी कोमट लागली. तिचा भाऊ, हाच मामा, शेजारीच होता. फिल्टरवाल्याला एवढं पुरलं.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. ऊब आली तर हो, नाही आली तर नाही. खालच्या मजल्यावरचा मुलाचा कारखाना ह्या बैठकांच्या केंद्रासाठी मामाला द्यावा का? ऊब. मुलाच्या जाण्याला कोण कारणीभूत? मामाने एकेक नाव घेतलं. सुनेच्या नावाला बॅटरी चटका बसेल एवढी तापली.

"आज शेवटचा प्रश्न," मामाने आवाज खाली आणला. सहा वर्षांची चिमी आजीच्या मांडीवर बसून सगळं ऐकत होती. "सूनबाई, ऐक. स्कूटर चालवताना त्याला फोन आला. त्याने खिशात हात घातला. फोन कोणाचा होता, हे त्याने स्वतः आम्हाला सांगितलंय. आता तो एवढंच सांगेल, की अशा बाईने इथे राहावं, की पोर आजीपाशी ठेवून माहेरी जावं."

"जावंच!" मागून कुणीतरी बोललं. उत्तर येण्याआधीच.

तिने खरंच फोन केला होता. हे तिने फक्त एका माणसाला सांगितलं होतं, दवाखान्याच्या बाकावर, रडताना. तो माणूस तेव्हा तिच्या पाठीवर हात फिरवत होता, आणि आत्ता गाडीवर तळवे टेकून उभा होता.

"विचारा," ती म्हणाली. "पण मला एक मिनिट द्या. गुणगुणणं थांबवा."

"थांबवलं तर तो येणार नाही!"

"का? गुणगुणणाऱ्या माणसाची त्याला चीड होती, मामा. तुम्ही कारखान्यात आलात की तो बाहेर चहाला निघून जायचा."

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरीणबाईंनी मागे वळून बोट ओठांवर ठेवलं. चाळीस वर्षांची सवय, वर्ग गप्प झाला.

मामाने तळवे उचलले. "ही परीक्षा घेणं झालं. आत्म्याचा अपमान—"

"तुम्ही नका दाबू. तुम्ही बसा."

तिने लाल गाडी उचलून बाजूला ठेवली. कोपऱ्यातल्या कपड्यांच्या टेबलावर जुनी लोखंडी इस्त्री होती, वायर गुंडाळलेली. ती आणून तिने पेटीच्या फळीवर ठेवली.

शांतता होती, म्हणून ऐकू आलं. पेटीच्या आतून एक बारीक, घोगरी गुरगुर. बंद दाराआड कुत्रं गुरगुरावं तशी.

"हे काय?" मास्तरीणबाई पुढे आल्या.

"मोटर. नाल्याचं पाणी आत जाऊन बेअरिंग गंजलंय. चाक अडलंय, फिरू पाहतंय आणि फिरत नाहीये. डबक्यात रुतलेला बैल जेवढा जोर लावतो तेवढा मोकळ्या रस्त्यावर लावत नाही. अडलेली मोटर तसाच करंट ओढते. सगळा भार बॅटरीवर. तिला ताप येणारच." तिने इस्त्री उचलली. गुरगुर थांबली. पुन्हा ठेवली. सुरू. "ही गुरगुर तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून तुम्हाला गुणगुणायला लावलं. आता हात लावा."

मास्तरीणबाईंनी झडपेतून बोटं घातली आणि झटकन काढली. "अगं बाई, तापली!"

"कोण आलं मग? इस्त्रीचा मुलगा?"

ह्या वेळी हसू मोठं होतं आणि ओंगळही. पाच मिनिटांपूर्वी ह्याच तोंडांनी हुंदके दिले होते.

"हो हवं असेल तर मामा भार टाकतात," ती पुढे म्हणाली. "नाही हवं असेल तर नुसते तळवे टेकवतात. दर शनिवारी बॅटरी शुद्धीकरणाला घरी नेतात ना? चार्ज करतात. विचारा त्यांना, चार्जर कुठे आहे."

मामाने तोंड उघडलं. त्याच्या पोतडीत अजून ऊर्जा होती, लहरी होत्या, कंपनं होती. पण पेटीतून आता गोडसर, रसायनी वास येऊ लागला होता. तिने इस्त्री ढकलून दिली, झाकण काढलं, तारेची जोडणी ओढून तोडली. बॅटरी उशीसारखी फुगली होती.

"मागे व्हा. सगळे. चिमी, आजीबरोबर लांब हो!"

पिशवीतल्या पक्कडीने तिने ती उचलली, जिना उतरली आणि अंगणातल्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात खुपसली. ती हात मागे घेते न घेते तोच वाळूतून पांढरा धूर उसळला, आणि पाठोपाठ हातभर उंच ज्वाळा. खिडकीत चाळीस डोकी होती.

"आई," तिने खालूनच विचारलं, "ही तुम्ही एरवी रोज पेटीसकट उशाशी घेऊन झोपता ना? आणि तुमच्या कुशीत कोण झोपतं?"

म्हातारीने चिमीला इतकं घट्ट धरलं की पोर ओरडली.

वर दोन तरुणांनी मामाची कॉलर पकडली होती. एकाने हात उगारला. ती जिना चढून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"मारा," ती म्हणाली. "पण आधी आपापसात ठरवून घ्या, पहिली थप्पड कोणाला. त्यांनी एक बटण दाबलं. गुणगुणत तुम्ही होता. पेटी उघडून बघू, असं आठ महिन्यांत एकाला सुचलं नाही. चार स्क्रू आहेत हो तिला, फक्त चार. 'जावंच' कोण म्हणालं होतं मघाशी?"

हात खाली आला. मामा चपला न घालताच जिना उतरला. मग लोकही उतरले, एकमेकांकडे न बघता, आपापल्या चपला शोधत.

खोलीत तिघी उरल्या. सासू रिकाम्या पेटीत बोटं घालून बसली होती. लोखंड थंड पडत होतं.

"म्हणजे तो येतच नव्हता," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"नाही, आई."

"तू गप्प बसली असतीस तर माझं काय बिघडत होतं? आठवड्यातून एकदा हाताला लागायचा तो मला."

सुनेने लाल गाडी उचलून सासूजवळ ठेवली. सासूने मान वर केली. डोळे कोरडे होते, नजर धारदार.

"आणि फोन? तेही माझ्या भावाचंच थोतांड?"

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. मामाच्या शंभर खोट्यांत आणखी एक खपून गेलं असतं. ह्या घरातली जागा पक्की, पोर पक्की. चिमी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"नाही," सून म्हणाली. "फोन मी केला होता. येताना दूध आणा, एवढंच सांगायला. ते खरं आहे."

म्हातारी उठली नाही, ओरडली नाही. चिमीभोवतीचा हातही तिने सोडला नाही.

"राहू द्यायचं की घालवायचं, ते तुम्ही ठरवा," सून म्हणाली. "पण पेटीला विचारू नका, आई. गाडीला नको, भावाला नको. जे विचारायचं ते मला विचारा. मी जिवंत आहे, समोर उभी आहे, आणि मला बोलता येतं."