आठवा मजला

"तुला कंटाळा नाही येत?" हा प्रश्न स्विचमधल्या दुसऱ्या कार्डाला विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी ऋजुताशी लावली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर आईबाबांच्या कंपनीत जाऊन तिनं बेधडक विचारला. कार्ड म्हणालं, "येतो ना गं. सात वर्षं झाली."

ऋजुता जाम खूश झाली. तिचे आईबाबा सात मजली कंपनीचं नेटवर्क सांभाळायचे. सगळ्या मजल्यांचे फोन नि निरोप इकडून तिकडे धाडणाऱ्या कपाटाएवढ्या स्विचला दोन मेंदू होते, म्हणजे दोन कार्डं. पहिलं कार्ड सगळा कारभार हाकायचं. दुसरं शेजारच्या खाचेत नुसतं तयार बसायचं, पहिलं पडलं तर उभं राहायला.

"मग जरा पाय मोकळे कर की!" असं म्हणत तिनं, अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून आई बांधते तसा, मनगटाला पट्टा बांधला आणि कार्डाचे दोन्ही खटके ओढले. कार्ड बाहेर आलं, तिच्या चपला पायात सरकवून वडापाव खायला निघून गेलं.

तेवढ्यात बाबा आले आणि धूळ झाडायला त्यांनी पहिलं कार्ड उपसलं.

"अहो, दुसरं तयार आहे ना? त्याचा दिवा बघितलात का?" आई दारातून ओरडली.

"त्यात काय बघायचंय? असतंच की ते!"

सातव्या मजल्यावरच्या पुंडे मावशींचा 'हॅलो' तारेतच अडकला. मग सातवा मजला सतरंजीसारखी घडी होऊन सहाव्यावर बसला, माणसांसकट. मिनिटाभरानं सहावा पाचव्यावर. बाबांच्या हातातलं कार्ड गाढ झोपलं होतं. ते एकदा झोपलं की उठायला बारा मिनिटं घ्यायचं.

"बारा मिनिटांत काय उरणार?" आई म्हणाली.

खोलीही आवळू लागली. भिंती ऋजुताच्या खांद्यांना टेकल्या, छत वेणीला लागलं. रिकामी खाच आता बरोब्बर तिच्या मापाची दिसत होती.

"ऋजू, खबरदार!" बाबा म्हणाले.

ती आडवी होऊन आत सरकली. खट्.

आणि काय सांगावं! सात मजल्यांचे निरोप, चिडचिडी, वाढदिवसाच्या शुभेच्छा तिच्या बोटांतून सळसळत निघाल्या. कुठला कुणाकडे धाडायचा, सगळं तिला येत होतं. पुंडे मावशींचा 'हॅलो' पोचला. मजले एकेक करून उलगडले.

"शाब्बास गं माझी बाय! आता ये बाहेर," आई खटक्याला हात घालत म्हणाली. "सोमवारी चाचणी आहे तुझी."

खटका हलेना. इमारतीतले सगळे फोन एकदम वाजले, आणि सगळ्यांतून ऋजुताच बोलली.

"आईबाबा, मी ठरवलंय. मी बाहेर येत नाही. सात मजले मला पुरत नाहीयेत, म्हणून मी आठवा चढवायला घेतलाय. वर बघा, माणसं यायला लागलीसुद्धा."