खोट कवळीत नव्हती

मी गोदूबाईंची खालची कवळी बोलतेय. हसू नका. दिवसभर माणसाच्या तोंडात राहणारीला घरातलं सगळं कळतं, फक्त तिला विचारत कोणी नाही.

माझा जन्म उल्हासनगरातला, धर्मेशच्या दुकानातला. तो कवळ्या बनवतो. हात सोन्याचा, पण घाई फार. मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा म्हणाला, "आज्जी, एकदम फिट है. आता ऊस खा." ऊस काही गोदूबाईंनी खाल्ला नाही, पण तांदळाची भाकरी आणि सुकट पाच वर्षं आमच्याच जिवावर खाल्ली. आमच्या म्हणजे माझ्या आणि वरच्या कवळीच्या. हसताना दिसते ती वरची, म्हणून कौतुक सगळं तिचंच. असो.

गोदूबाई बुवापाड्याच्या. शिवमंदिराच्या वाटेवर बेल-फुलांची टोपली घेऊन बसतात. श्रावणातल्या एका सोमवारी टोपली उचलताना ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला आणि त्या हनुवटीवर आपटल्या. मी तोंडातच होते. खालून असा दणका बसला की मला वाटलं, आपली आता शंभरी भरली. पण मला साधा तडाही गेला नाही. तडा दुसरीकडेच गेला होता, आणि तो माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता.

मुलाने, दिपेशने, हनुवटीला हळद लावली. चार दिवसांत सूज उतरली. पण मी बसेना. डावीकडे टोचायची, उजवीकडे उचलायची. घास चावायला गेलं की गोदूबाईंच्या डोळ्यांत पाणी. शेजारणी म्हणाल्या, पडण्यात कवळी वाकली असणार. हनुवटीला मार लागलाय, जबडा दाखवा, असं एकीलाही सुचलं नाही. तोंडात दातच नाहीत तर मोडणार काय, हा सगळ्यांचा हिशोब. अहो, दात गेले म्हणून हाड जातं का? उलट म्हातारपणी ते झिजून पातळ होतं आणि लवकर मोडतं.

दिपेशने मला रुमालात गुंडाळून धर्मेशकडे नेलं. "दोन मिनटं," म्हणत त्याने माझी डावी बाजू मशीनवर घासली. तरी बसेना, म्हणून चार दिवसांनी परत घासली. जन्मदात्याच्या हातून असं सोलून निघताना काय वाटतं ते मलाच माहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! शेवटी धर्मेश म्हणाला, आता नवीच करू.

गोदूबाई अडून बसल्या. "कवली पाच वर्सं बसली. येका दिसात वाकरी कशी होईल? मना नवी नको. आदी माजं थोबार बगा."

तरी दिपेश दवाखाना टाळतच होता. मग एका सकाळी सुनेने, राजसीने पाहिलं, गरम चहा सासूबाईंच्या खालच्या ओठावरून ओघळतोय आणि त्यांना पत्ताच नाही. डावा ओठ बधिर झाला होता. ती त्यांना तशीच रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे जबड्याच्या डॉक्टर होत्या, संजीवनी नावाच्या. त्यांनी मला बाहेर काढलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत हाडाच्या कडेने बोट फिरवलं. एका जागी बोट पायरी उतरल्यासारखं खाली गेलं. मग म्हणाल्या, जीभ वर करा. जिभेखाली जांभळा डाग होता. मी तो पहिल्या दिवसापासून बघत होते!

"असा डाग दिसला की आम्ही जबडा मोडलाय असंच धरून चालतो," त्या म्हणाल्या. एक्सरेत ते स्पष्टच दिसलं.

पंचाईत अशी, की गोदूबाईंचं हृदय कमजोर. पूर्ण भूल देणं धोक्याचं. आणि असंच सोडलं तर हाड वाकडं जुळणार, भाकरी कायमची सुटणार. डॉक्टरांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, ही आहे ना! धर्मेशने घासलेली बाजू त्यांनी भरून काढली, जबड्याचा तेवढाच भाग बधिर करून हाड सरळ केलं आणि बारीक तारांनी मला जबड्यालाच बांधून टाकलं. हात मोडल्यावर फळी बांधतात ना, ती फळी मी झाले.

सहा आठवडे. पेज, डाळीचं पाणी, पुन्हा पेज. वरची वाटीत आराम करत होती. तारा ताणायच्या, हिरड्या दुखायच्या. गोदूबाईंनी हूं की चूं केलं नाही, आणि मीही ठरवलं होतं, तुटेन पण हलणार नाही. बाईने पाच वर्षं मला सांभाळलं, आता माझी पाळी होती.

तारा काढल्या तेव्हा हाड जुळलं होतं. ओठालाही हळूहळू जाग आली. मी मात्र पार खिळखिळी झाले होते. डॉक्टरांनी नवीन कवळी करायला सांगितली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नव्या कवळीने भाकरीचा पहिला तुकडा मोडला, तेव्हा मी ताटाशेजारीच होते. गोदूबाईंनी मुद्दाम ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धर्मेशच्या टेबलावर आणून आपटलं. "हिला हितं ठेव. कवली बसत नाय सांगत कुनी आला, का आदी त्याची हनवट चाचप, जिभेखाली बग. मंग मशीन लाव."

तेव्हापासून मी इथे, मशीनच्या पुढ्यात. परवा बदलापूरचे एक आजोबा आले, म्हणाले, कवळी अचानक टोचायला लागली, जरा घासून दे. धर्मेशचा हात सवयीने मशीनकडे गेला, मला लागला आणि थांबला.

"बाबा," त्याने विचारलं, "कुठे पडला होता का?"