नाद साफ

रामहरींनी पान्याच्या कड्यातून काथ्याची दोरी ओवली, ती पडवीच्या लोखंडी पाइपवरून टाकली आणि गाठ मारली. पाना जमिनीपासून हातभर वर लोंबकळू लागला. तो हलायचा थांबेपर्यंत ते थांबले. मग छोटी हातोडी उचलून त्यांनी एकच टोला दिला, डोळे मिटले आणि उजवा कान पुढे केला.

पडवीत कोणी हललं नाही. मुलगा विजयसिंह हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याकडचा फिटर भिमा खांबाला टेकला होता. सात वर्षांची नात छकुली पायरीवर बसली होती.

"ह्यो जर्मन," भिमा हळूच म्हणाला.

"गप रं," विजयसिंह म्हणाला.

रामहरींनी डोळे उघडले. "साफ."

मग त्यांनी स्वीडनचा पाना टांगला. तोही साफ निघाला. दोन्ही पाने विजयसिंहने ओळखीच्या ठेकेदारांकडून फक्त दाखवायला आणले होते. त्याला हव्या त्या मोठ्या मापाचा जर्मन पाना मागवला तर यायला आठ आठवडे लागणार होते, आणि स्वीडनवाले ते माप करतच नव्हते. इकडे साखर कारखान्याचा बॉयलर दसऱ्यानंतर आठ दिवसांत पेटणार होता. त्याआधी उसाच्या मिलचे सगळे मोठे नट आवळून द्यायचं काम विजयसिंहने घेतलं होतं.

तिसरा पाना बारामतीच्या दुकानातून कालच आणला होता, हव्या त्या मापाचा. त्याच्या एका टोकाला नटावर बसणारं कडं होतं आणि दुसऱ्या टोकाला घणाचे घाव झेलणारा ठोकळा. विजयसिंह तो नटावर धरणार आणि भिमा घण घालणार. असा पाना फुटला तर त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो, आणि धरणाऱ्याचा चेहरा तेव्हा दीड हातावर असतो.

रामहरींच्या मांडीवर वही होती. तिच्यात त्यांनी रात्री तीन रकाने आखले होते: गुणवत्ता, मूळ देश, वॉरंटी. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्या एका कारखान्याची टूलरूम सांभाळली होती, आणि तिथे येणारे परदेशी कॅटलॉग लोक रद्दीत टाकत तेव्हा ते घरी आणून वाचत. त्यांच्या या वाचनाला कोणी फारशी किंमत दिली नव्हती. लोकांचा विश्वास होता तो त्यांच्या कानावर. पाना टांगून वाजवायचा आणि नाद ऐकून आतला तडा सांगायचा, ही त्यांच्या टूलरूमची रीत होती. आजही या साखर कारखान्याच्या स्टोअरने ठेकेदाराची हत्यारं आत घ्यायला तपासणीची चिठ्ठी मागितली, आणि रामहरींची सही चालेल असं आपणहून कळवलं.

"वाचा की तात्या, काय लिवलंय," भिमा म्हणाला.

रामहरींनी घसा साफ केला. चारचौघांत वाचायचं म्हटलं की त्यांना अजून घाम यायचा.

"जर्मन पान्याच्या अंगावर देशाचं नाव ठोकलेलं आहे. स्वीडनच्याही आहे. ह्या तिसऱ्याच्या खोक्यावर नाव जर्मन आहे, क्रोनहाल्ट. बर्फाचा डोंगर छापलाय. जर्मन टेक्नॉलॉजी, असं लिहिलंय. पण कुठं बनवला ते नाही. ते जिथं छापतात, तिथं बारकोडची पट्टी चिकटवलीय."

"पट्टी काय, दुकानदार चिकटवतातच," विजयसिंह म्हणाला.

"चिकटवतात," रामहरींनी लगेच मान्य केलं. "वॉरंटी. जर्मनवाल्यांनी दोन पानं अटी दिल्यात. पाइप लावून ओढला तर नाही, गरम केला तर नाही, कड्याला घासलेलं दिसलं तर नाही. ह्या तिसऱ्याची एकच ओळ आहे. आयुष्यभर. तुटला तर नवीन देऊ, काही विचारणार नाही."

"मंग ह्योच बरा की!"

"मला वाटतं," रामहरी वहीकडे बघत म्हणाले, "जो अटी लिहितो, त्यानं आपला पाना मोडून बघितलेला असतो."

भिमा हसला. "आन् आयुष्यभर म्हंजी कुणाच्या, तात्या? पान्याच्या का आपल्या?"

विजयसिंह हसला नाही. त्याने वहीत डोकावून पाहिलं. तिसऱ्या पान्यापुढे 'मूळ देश' खाली प्रश्नचिन्ह होतं.

"तात्या, हे कागदावरचं ऱ्हाऊ द्या. तुमचा कान काय म्हणतोय ते सांगा. त्यो न्हाय म्हणला तर आजच परत करतो, काम गेलं तर गेलं."

रामहरींनी तिसरा पाना टांगला, टोला दिला आणि डोळे मिटले. नाद आला. लांब, सरळ, शेवटी बारीक होत गेलेला, एकतीस वर्षं ऐकलेला तोच नाद.

"ह्यो लवकर गप झाला," पायरीवरून छकुली म्हणाली.

"मोठ्यांच्या मधी बोलू नगं," विजयसिंह म्हणाला. "तात्या?"

रामहरींनी पुन्हा एक टोला दिला. आतून मुक्ताबाईंनी कुकरबद्दल काहीतरी ओरडून सांगितलं, ते त्यांना नीट कळलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आपण कागदावर उगाच शंका काढतो, हे त्यांना आयुष्यभर लोकांनी सांगितलं होतं, आणि बहुतेक वेळा लोकांचं खरं निघालं होतं.

"साफ," ते म्हणाले.

त्यांनी वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं. विजयसिंहने पुढे केलेल्या चिठ्ठीवर लिहिलं: 'पाना तपासला. नाद साफ.' खाली सही केली. भिमाने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि खिशावर हात मारला. "तात्यांचा कान म्हंजी आमचा विमा."

दोन दिवसांनी खंडेनवमी होती. पडवीत पाट मांडून विजयसिंहची सगळी हत्यारं ओळीने ठेवली. छकुलीने ओल्या बोटाने एकेकाला हळदकुंकू लावलं आणि नवा मोठा पाना सगळ्यांत सुंदर दिसावा म्हणून त्याच्या कड्याला पातळ कुंकवाचा हात फिरवला. दसऱ्याचा दिवस हत्यारं तशीच राहिली. एकादशीला पहाटे विजयसिंहने ती फडक्याने पुसली, टेम्पोत भरली आणि तो गेला.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला रामहरी पडवीत वाचत बसले होते. छकुली फडकं घेऊन पाट पुसत होती.

"तात्या, पप्पांनी मोठ्या पान्याचं कुकू पुसलंच न्हाय."

"पुसलं की."

"येक रेघ ऱ्हायली हुती. मी थुंकी लावून घासली तरी जाईना. केसावानी. हितनं अशी वळत गेलेली." तिने हवेत बोटाने कड्याची कड काढली.

रामहरींनी पुस्तक मिटलं. टूलरूममध्ये शंकेच्या लोखंडावर लाल रंग लावत आणि पुसून घेत. अंगावरचा रंग जाई. तड्यात शिरलेला मात्र जात नसे.

पण नाद साफ होता. तो त्यांनी स्वतः ऐकला होता.

ते उठले आणि आतल्या खोलीतल्या फळीवरून दोन जुने पाने काढले. टूलरूमला नव्याने आलेल्यांना शिकवायला त्यांनी हे दोन ठेवले होते, एक चांगला आणि एक बद्द वाजणारा. निवृत्त होताना कोणी मागितले नाहीत, म्हणून ते घरी आले. बद्द पाना झुंबर नावाच्या फिटरच्या हातात फुटलेला. त्या दिवशी रामहरींना त्याचा नाद बरोबर ऐकू आला होता. पण फोरमन आणि झुंबर टूलरूमच्या खिडकीशी बोलत होते. त्यांचं बोलणं संपलं की सांगावं म्हणून ते थांबले. बोलणं संपलं तेव्हा झुंबर पाना घेऊन गेला होता. पान्याचा तुकडा उडून झुंबरचा एक डोळा गेला. त्याने रामहरींना कधी दोष दिला नाही, कारण ते खिडकीत कशासाठी थांबले होते हे त्याला माहीतच नव्हतं.

त्यांनी दोन्ही पाने खिडकीच्या गजाला टांगले आणि मुक्ताबाईंना हाक मारली.

"मी भिंतीकडं तोंड करतो. तुला पाहिजे तो वाजव. मी सांगतो कुठला."

"अवो, चुलीवर दूध हाय माझं."

"वाजव."

असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. मुक्ताबाईंनी हातोडी घेतली. रामहरींनी भिंतीला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले.

"साफ," ते म्हणाले. मग पुन्हा, "साफ." सहा टोले झाले. सहाही साफ होते, लांब, सरळ, शेवटी बारीक होत जाणारे.

ते वळले तेव्हा मुक्ताबाई हातोडी पदराशी धरून उभ्या होत्या.

"म्या चार बारी फुटकाच वाजवला," त्या म्हणाल्या. "मडक्यावानी वाजतुया त्यो."

रामहरी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कुकरच्या शिट्ट्या तुमास्नी कवापास्नं ऐकू येत न्हाईत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांवरून त्यांना कळलं. "मला वाटलं, पुस्तकात ध्यान असतंय."

विजयसिंहचा फोन वाजून वाजून बंद झाला. भिमाचाही. मिलहाउसमध्ये फोन नेऊ देत नसत.

लासुर्ण्याच्या फाट्यावर वडापची जीप उभी होती. आत तीन माणसं बसली होती. चालक बाहेर तंबाखू मळत सीट भरायची वाट बघत होता. रामहरी जीपमध्ये बसले. पाच मिनिटं गेली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. चालक एका ओळखीच्या माणसाशी इंदापूरच्या बाजाराबद्दल बोलत होता. ते दोघं बोलत होते, आणि रामहरी त्यांचं बोलणं संपायची वाट बघत होते.

हे ध्यानात आलं तसे ते खाली उतरले आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"सगळ्या शिटांचं भाडं मी देतो. काढ गाडी."

"अवो तात्या, पाच मिन्टं—"

"काढ."

रस्ताभर दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता, कापायला आलेला. वारा नव्हता, तरी रामहरींना वाटत राहिलं की आपल्याला ऐकू न येणारं काहीतरी त्या उसात चाललं आहे. जीपमधली एक बाई त्यांच्याकडे बघून काही म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली.

कारखान्याच्या गेटवर त्यांना ओळखत होते. स्टोअर आवारात आत होतं, मिलहाउसच्या भिंतीला लागून. तिथेही जुनीच पद्धत होती: ठेकेदाराचं हत्यारही आधी स्टोअरमध्ये जमा व्हायचं, मग माणसाने आपला पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं, आणि हत्यार परत येईपर्यंत बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर टांगलेला राहायचा. खिडकीमागे ज्ञानेश नावाचा तरुण स्टोअरकीपर फोनवर होता. रामहरींना बघून तो हसला आणि एक बोट वर केलं. थांबा.

रामहरींनी फळा पाहिला. सात नंबरच्या खिळ्याखाली खडूने लिहिलं होतं: मोठा पाना, विजयसिंह. खिळ्यावर बिल्ला होता. तो जरासा थरथरला आणि थांबला. पुन्हा थरथरला. भिंतीपलीकडे घण पडत होता. खिडकीच्या फळीवर तळहात टेकवला तेव्हा रामहरींना तो हाडात कळला. धप. मग दम घेण्याएवढा वेळ. धप.

त्यांनी खिडकीतून हात घालून ज्ञानेशचं मनगट धरलं.

"माझे कान गेलेत," ते म्हणाले. आवाज केवढा निघतोय हे त्यांना कळत नव्हतं. मागच्या बाकावर डबे घेऊन बसलेले दोघे कामगार त्यांच्याकडे बघू लागले. "त्या चिठ्ठीवर माझी सही आहे. ती धरू नका. पान्याला तडा आहे. काम थांबवा."

ज्ञानेशने फोन खाली घेतला. "तात्या, बसा तरी. जेवणाची बेल व्हईलच आता. मंग त्ये दोघं हितंच येत्यात, तवा बोला निवांत—"

"आत्ता."

ज्ञानेशने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "येतो. चला. हेल्मेट घाला आधी, त्याबिगर आत सोडत न्हाईत." तो फळीखालच्या कपाटात हेल्मेट काढायला वाकला.

रामहरी बिल्ल्याकडे बघत राहिले. तो थरथरला. दम घेण्याएवढा वेळ गेला. पुन्हा थरथरला, या वेळी जास्त, आणि खिळ्यावर अर्धा फिरला.

मग फिरायचा थांबला. दम घेण्याएवढा वेळ गेला. तेवढाच आणखी गेला. फळीवर ठेवलेल्या तळहाताखाली लाकूड नुसतं लाकूड होतं.

ज्ञानेश हेल्मेट हातात घेऊन ताडकन उभा राहिला. तो रामहरींकडे बघत नव्हता. बाकावरचे दोघे एकदम उठले होते आणि तिघांच्याही माना मिलहाउसच्या दाराकडे वळल्या होत्या.

"बेल झाली?" रामहरींनी विचारलं.

कोणी त्यांच्याकडे वळलं नाही. बाकावरचा एक डबा कलंडला होता आणि त्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत होतं, अगदी आवाज न करता.

"बेल झाली का रे?"