फुलवंताबाईने घासलेला बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. तोंड गुळगुळीत, कडा झिजलेल्या. मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा कधी कुणाच्या कामाचा नसेलच. तसं म्हणू नका. मी चौदा वर्षं नोकरी केली आहे.

माझा जन्म नंदुरबारच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला पाठीमागून ठोकलं, तेव्हा माझ्या तोंडावर १२६ हा आकडा उठून आला. मला तो फार शोभत असे. मग गावाबाहेरच्या कापसाच्या कारखान्यात बोजे उचलणाऱ्या करमसिंगच्या दंडावर मला बांधलं. तिथल्या वहीत हमालांची नावं नव्हती, फक्त आकडे होते. मला दाखवलं की फाटक उघडे, मला दाखवलं की पगार मिळे. करमसिंगपेक्षा मीच मोठा आहे असं मला वाटे. खोटं कशाला बोलू?

करमसिंग धानोऱ्याचा. तो घरी आला की त्याची बायको फुलवंताबाई आधी मला सोडून घेई. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, वर विटेची भुकटी. रोजच्या रोज घासे. तिच्या घरात पितळेची वस्तू मी एकटाच. शेजारणींना ती सांगे, "भाकर देस तो. देव शे मन्हा." दिवाळीला मला कुंकू लागे. मी असा लखलखे की मुकादमही थट्टा करी, "करमसिंग, तुन्हा बिल्ला त सोनाना दिखस!" मी फुगून जाई.

मग एका वर्षी कापसाचे भाव कोसळले. एका सोमवारी आम्ही कामावर गेलो, तर फाटकाला कुलूप! भोंगा नाही, धूर नाही. कुलपाखाली एक कागद चिकटवलेला, आणि शंभरावर माणसं त्याच्याकडे नुसती बघत उभी. कुणीतरी वाचून दाखवलं. कारखाना कायमचा बंद. कामावरून काढलेल्यांना दोन महिन्यांचा पगार मिळेल. त्यासाठी बुधवारपर्यंत बिल्ला जमा करावा. करमसिंग तिथेच मातीत बसला. मला मात्र धीर होता. मी होतो ना!

मंगळवारी दिवसभर रांगेत उभं राहून आम्ही खिडकीशी पोचलो. आत मुनीम भीकमचंद होता. खोटे बिल्ले आणणारे दोघेजण त्याने सकाळीच पकडले होते, त्यामुळे तो आधीच चिडलेला. त्याने मला उजेडात धरलं, अंगठ्याने चोळलं.

"येन्हावर काहीच नही."

"एकशे सव्वीस शे, शेठ," करमसिंग म्हणाला.

"सांगाले काय जास? आकडा कोठे शे?"

मी हादरलो. मित्रांनो, स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही हो. मी आपला चकाकण्यात खूश, आणि त्या चकाकीपायी माझा आकडा केव्हाच झिजून गेला होता. फाटकावर आणि पगाराला मुकादम ओळखीचा, त्यामुळे तो कधी कुणी वाचलाच नव्हता.

घरी फुलवंताबाईने सगळं ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिली. "मीच पुसी टाका तो आकडा," ती हळूच म्हणाली. "मीच." त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी घासलं नाही.

बुधवारी ती स्वतः खिडकीशी आली. करमसिंग मागे मान खाली घालून उभा.

"दादा, चूक मन्ही शे. चौदा वरीस मी घासं येले. माले काय शिक्षा देवानी ती द्या, पन तेन्हा पगार नका बुडवू."

"चल, बाजूले व्हय," म्हणत मुनिमाने मला ढकललं. मी वहीवर पालथा पडलो.

तो पुढच्याला हाक मारणार, तेवढ्यात त्याची नजर अडकली. माझी पाठ नेहमी करमसिंगच्या दंडाला चिकटलेली. तिच्यावर कधी कुणी राख घातली नव्हती. तांबटाने ठोकलेल्या खाचांत चौदा वर्षांचा घाम आणि धूळ काळी कुळकुळीत साचली होती. मुनिमाने टाकाच्या टोकाने ती उकरली. उलटा सहा. उलटा दोन. उलटा एक.

मग त्याने वहीत १२६ शोधला आणि करमसिंगपुढे शाईची डबी सरकवली. अंगठा उठला. दोन महिन्यांचा पगार करमसिंगच्या हातात पडला, आणि मी टेबलाखालच्या खोक्यात पडलो. त्यांचं काम झालं की मला जावं लागणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

फुलवंताबाई चार पावलं गेली आणि परत फिरली. खिडकीच्या गजांना धरून म्हणाली, "दादा, येले आते घासू नका."

मित्रांनो, आपल्या वस्तूंवर माया करा, जरूर करा. पण कधीतरी त्यांना उलटूनही पाहा. मी अजून त्याच खोक्यात आहे. तोंडानेही आता काळा पडलो आहे. मुनिमाने तिचं ऐकलं.