सरवा वेचणारीचा

मी एक जुनी चाळणी आहे, आणि माझे डोके तापलेले आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल. पण जिला परदेशात नेऊन मालकिणीच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पिंपात फेकले, तिने गोड बोलावे तरी कसे?

अकोल्याच्या जुन्या शहरात नत्थुजी नावाच्या कारागिराने मला घडवले. पत्र्याच्या गोल कडेत त्यांनी तारेची जाळी अशी ठोकून बसवली, की इतक्या वर्षांत ती कधी सैल झाली नाही. अंजनगाव सुर्जीच्या पार्बताबाईंनी मला घेतले. त्यांचे घर भाजीपाला पिकवणारे. गहू चाळणे हे माझे रोजचे काम, पण भुईमूग निघाला की आमचा खरा हंगाम सुरू होई. शेंगा काढून नेल्यावर मातीत चुकून ज्या राहतात, त्या वेचून घेणे म्हणजे सरवा. पार्बताबाई माती माझ्यात ओतत, दोन हिसके देत, की शेंगा वर राहत. त्या शेंगा वेचणारीच्या. खुद्द शेतमालकही त्यात वाटा मागत नसे.

तेव्हा माझा काय तोरा होता! "माही चाळणी मी कोणाले देत नाई," असे पार्बताबाई शेजारणींना तोंडावर सांगत. पुढे पीठ पिशवीतून येऊ लागले आणि मी खुंटीला लटकले. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. माझी मला जाळी असताना!

मग त्यांच्या मुलाने, जीवनने, त्यांना ऑस्ट्रेलियाला बोलावले. पार्बताबाईंनी मला घासूनपुसून बॅगेत घातले. तिकडच्या धान्याचा त्यांना भरवसा नव्हता. बॅग उघडताच जीवनने कपाळाला हात लावला.

"आई, हे भंगार कायले आणलं?"

भंगार! या पोराचे बालपण मी चाळलेल्या गव्हाच्या पोळ्यांवर गेले आहे.

एका सुट्टीत जीवन आणि सूनबाई आकांक्षा त्यांना ओपलच्या गावी घेऊन गेले. ओपल म्हणजे पोटात रंग खेळवणारा मौल्यवान दगड. दिवसभर गाडी चालली तेव्हा ते गाव आले. तिथे माश्या फार, म्हणून पुऱ्यांच्या डब्यावर झाकण म्हणून मला पालथे घातले होते. गाव मोठे नवलाचे. सगळीकडे खाणींचे खड्डे. उन्हाच्या त्रासाने माणसे जमिनीखाली घरे कोरून राहतात.

पार्बताबाई म्हणाल्या, "ऊन तं आमच्या अंजनगावातबी आहे. पण आमी नाई गेलो उंदरावानी बिळात."

आकांक्षा हसली. जीवन फोटो काढण्यात दंग होता. "आई, जराशी बाजूले हो," असे तो दर फोटोला म्हणे आणि त्या बिचाऱ्या मुकाट्याने बाजूला होत. त्या सहलीचे सगळे फोटो पाहा. गाव आहे, खाणी आहेत, नवराबायको आहेत. पार्बताबाई एकातही नाहीत. माझ्या कडा संतापाने तापल्या, आणि ते काही नुसते उन्हाने नव्हे.

गावाबाहेर खाणीतून टाकून दिलेल्या मातीचे ढीग होते. त्यातल्या एका ढिगावर कोणीही ओपल शोधावा, सापडला तर खुशाल न्यावा, अशी मुभा होती. पर्यटक काडीने थोडे उकरत आणि कंटाळून निघून जात. आकांक्षाने सासूबाईंना ते समजावून सांगितले.

"म्हंजे हा सरवाच आहे की!" पार्बताबाईंचे डोळे चमकले. त्यांनी मला डब्यावरून उचलले, पदर खोचला आणि ढिगावर बैठक मारली. किती वर्षांनी मला माझे काम मिळाले! माती खाली, खडे वर. पुन्हा माती, पुन्हा खडे.

"आई, ऊठ. कचरा काय उपसून राहिली? लोक पाहून राहिले," जीवन दबक्या आवाजात ओरडला.

त्या उठल्या नाहीत. तासाभराने हरभऱ्याएवढा एक खडा त्यांनी वेगळा काढला, थुंकी लावून पदराला पुसला आणि उन्हात धरला. आत हिरवा आणि लाल रंग झळकला.

जीवनने तो त्यांच्या हातातून झटकन घेतला. आणि मला? "आता याचं काम झालं," म्हणत पिंपात फेकले! पार्बताबाईंनी कोपरापर्यंत हात घालून मला बाहेर काढले आणि काखेत मारून त्या मुलामागून दगडांच्या दुकानात गेल्या.

दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी खडा दिव्याखाली धरला, खूश झाल्या आणि इंग्रजीत काहीतरी विचारले. जीवनने हसत स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. पार्बताबाईंना इंग्रजी येत नाही. पण ते बोट कळायला इंग्रजी कशाला हवे?

त्यांनी पुढे होऊन खडा उचलला.

"जीवन, सरवा वेचणारीचा असते. तुह्या बापानंबी कधी माह्या सरव्याले हात नाई लावला."

"अवं आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. आता सांग त्या बाईले, कोणं वेचला."

जीवन खाली पाहू लागला. आकांक्षा बोलायला पुढे सरकली, तर पार्बताबाईंनी तिला अडवले. "तू नोको सांगू. त्याले सांगू दे."

शेवटी जीवनने आईच्या मातीने भरलेल्या हातांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "माय मदर." पार्बताबाईंना त्या देशात येऊन तीन महिने झाले होते. परक्या माणसाला त्याने आईची ओळख करून दिली ती ही पहिली वेळ. दुकानदार बाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या आणि त्यांनी ते मातकट हात आपल्या हातांत घेतले.

बाहेर आल्यावर जीवनने हळूच विचारले, "आई, पाहू दे न एकदा."

"पाह्य. पन वापस दे," पार्बताबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. मला जपा असे मी मुळीच म्हणणार नाही. मी गंजले तर बाजारात दुसरी मिळेल. पण तुमच्या घासात खडा का लागत नाही, हे कधीतरी स्वतःला विचारा. आणि हे कोणी वेचले असे कुणी विचारले, तर बोट आपल्या छातीवर नेऊ नका.