मान हलेपर्यंत

फोन आला तेव्हा बाबा नाकात ऑक्सिजनची नळी घालून खिडकीशी बसले होते आणि माझा नवरा प्लामेन त्यांच्या टोस्टच्या कडक कडा कापत होता. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"ऑलविनसाहेब, तब्येत काय म्हणते?"

आवाज क्रिस्पिन वेल्बीचा. बाबा खासदार, सरकारी पक्षाचे, आणि हा त्या पक्षाचा प्रतोद. प्रतोद म्हणजे चाबूक. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण बरोबर ठेवलं.

"तब्येत चालतेय," बाबा म्हणाले. "मी चालत नाही एवढंच."

"उद्या दुपारी युरोपातून बाहेर पडायच्या करारावर मतदान आहे. तुम्हाला यावं लागेल."

"माझी मोरागशी जोडी आहे, पोरा. विसरलास?"

"जोडी काय हो, तोंडीच तर असते. आज सकाळी आमचे दोन मंत्री राजीनामा देऊन गेले, तिसरा चहा संपला की जाईल. एकेक मत मोजतोय आम्ही. तुम्ही आवारात गाडीत नुसते पडून राहा, बाकीचं मी बघतो."

"मी शब्द दिलाय तिला. येणार नाही."

मग तोच गोड आवाज.

"जावईबापू कसे आहेत? बल्गेरियाचे ना? त्यांच्या इथं राहण्याच्या अर्जाचं अजून काही कळलं नाही म्हणे. अर्जांचं काय असतं, काही झटकन निघतात, काही कुठंतरी खाली दबतात. दिवस असे आलेत, कुणाचं काय होईल सांगवत नाही. काळजी वाटते हो."

प्लामेनची सुरी टोस्टवर थांबली. बाबांनी फोन बंद केला. ऑक्सिजनचं यंत्र तेवढं फुसफुसत राहिलं.

ही जोडी काय असते ते सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. एका पक्षाचा खासदार आजारी पडला की समोरच्या पक्षातला एक जण म्हणतो, मीही येत नाही. दोघांची मतं एकमेकांना खाऊन टाकतात, कुणाचं नुकसान नाही. ह्याला कायदा नाही, सही नाही. नुसता शब्द. मोराग टलक स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाची, बाबांच्या विरुद्ध पक्षाची, सभागृहात बाबांना "माशांचा दलाल" म्हणणारी. तिचा नवरा शेवटच्या दुखण्यात होता. बाबांचं हृदय अर्धंच चालत होतं. दोघांनी जोडी केली आणि दोघं आपापल्या घरी बसले, ती नवऱ्याच्या उशाशी, हे आमच्या खिडकीशी.

आणि बाबा खरंच माशांचे दलाल. खासदार व्हायच्या आधी आमच्या बंदरावरच्या मासळीबाजारात ते लिलाव पुकारायचे. तिथं कुणी ओरडून बोली लावत नाही. मान हलली की माल तुमचा. एकदा एका व्यापाऱ्यानं पलीकडच्या मेव्हण्याला मान हलवून रामराम केला आणि कॉड माशांच्या पेट्यांचा ढीग त्याच्या गळ्यात पडला. तो भांडायला आला तर बाबा म्हणाले, "मान तुझीच होती ना? मग मासेही तुझेच." त्यानं मुकाट्यानं उचलले. हलवलेली मान परत घेतली, तर उद्या बंदरावर तुम्हाला कुणी खेकडासुद्धा विकत नाही.

असा माणूस. आणि त्याला एक दीडदमडीचा गुळगुळीत पोरगा सांगतो, जोडी तोंडीच तर असते.

"मी जातो," बाबा म्हणाले.

"डॉक्टरांनी गाडीत बसायचंही नाही म्हणून सांगितलंय," मी म्हणाले.

"डॉक्टरचा जावई बल्गेरियन नाहीये."

प्लामेन हसला. त्याला असं वेळीअवेळी हसायची खोड आहे. "म्हातारबा, आधी सार्वमतात मला हाकलायला मत दिलंत, आता मला ठेवायला मत देणार? एकदा काय ते ठरवा. मी आपला गावी, वार्नाला जातो. तिथला समुद्र निदान गरम तरी आहे."

"गप बस. चहा टाक."

"बघा! हाकलला तर चहा कोण टाकणार?"

पण कपात साखर त्यानं दोनदा घातली. चमचा कपावर वाजत होता आणि आम्ही तिघंही तो ऐकत होतो.

भीती काय असते ते आमच्यासारख्यांना विचारा. युरोपातून बाहेर पडायचं सार्वमत झालं त्या आठवड्यात माझ्या तळलेल्या माशांच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगानं लिहिलं होतं, "घरी जा." प्लामेननं ते खरवडून काढलं आणि म्हणाला, घरीच तर चाललोय, पलीकडच्या गल्लीत. लोक हसले. त्यातलाच कुणीतरी लिहिणारा असणार. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पुडी देताना त्याच्या नखांकडे बघते, रंग राहिलाय का.

मी बाबांना नको म्हणाले. प्लामेन तर बल्गेरियनमध्ये ओरडला, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. बाबांनी तोवर खासगी रुग्णवाहिका ठरवलीसुद्धा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडी चालवायला टेस नावाची बाई होती, नर्सचं काम केलेली, दंडावर नांगर गोंदवलेला. बाबांना पट्ट्यांनी बांधून घेताना ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला लग्नाला नेतोय की फाशीला?"

"संसदेत," बाबा म्हणाले.

"म्हणजे दोन्ही."

वाटेत बाबांनी मोरागला फोन लावला. निदान तिला सांगावं, मी शब्द मोडतोय म्हणून. घंटी वाजत राहिली. मग यंत्र म्हणालं, निरोप ठेवा. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, फोन छातीवर ठेवला. आयुष्यभर बोली पुकारलेल्या माणसाला एक वाक्य सुचेना. टेसच्या रेडिओवर तिसरा मंत्री गेल्याची बातमी लागली. बाबा म्हणाले, "बंद कर ते." त्यांचे ओठ मला निळसर वाटले. मग मी स्वतःला सांगितलं, काचेचा रंग असेल.

संसदेच्या फाटकाबाहेर दोन्हीकडचे झेंडेवाले होते. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी गाडीवर थापा मारल्या, राहा म्हणणाऱ्यांनीही मारल्या. आत कोण आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. पोलिसांनी गाडीखाली आरसा फिरवला आणि आम्ही आत, दगडी आवारात जाऊन थांबलो.

इथली रीत अशी. आजारी खासदाराला सभागृहापर्यंत जाता येत नसेल, तर त्याची गाडी आवारात आली तरी पुरतं. दोन्ही पक्षांचे प्रतोद येतात, गाडीत डोकावतात, माणूस जिवंत आहे का बघतात आणि मान डोलावतात. झालं, मत पडलं. माणसाला काही विचारायचं नसतं. श्वास चालू असला की बास. आमच्या बाजारात मासा ताजा आहे की नाही हे बघायला याहून जास्त वेळ लावतात.

क्रिस्पिन आला. बूट आरशासारखे, तोंडाला पुदिन्याचा वास. "वा, ऑलविनसाहेब! देश तुमचा ऋणी राहील."

बाबांकडे बोलण्याइतका श्वासच नव्हता. टेसनं नळी काढून तोंडावर मास्क बसवला होता.

तेवढ्यात मतदानाची घंटा वाजायला लागली. सगळ्या इमारतीत, भिंतीभिंतीतून, शाळा सुटल्यासारखी. क्रिस्पिननं समोरच्या पक्षाच्या प्रतोदबाईंना हाक मारली. नेस्टा पॉवेल, वेल्सची, बुटकी, चष्मा कपाळावर. ती डोकावली आणि दचकली.

"ऑलविन? अरे, तू इथं कसा? मोराग तर घरी आहे! तुमची जोडी आहे ना?"

"जोडी मोडली," क्रिस्पिन म्हणाला.

"कधी? तिला सांगितलं?"

"कळवतोय. तुम्ही एवढं बघा, श्वास चालू आहे की नाही."

"क्रिस्पिन, तिचा नवरा मरतोय रे!"

"आणि माझं सरकार."

टेस माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बाई, ऑक्सिजन खाली चाललाय. हॉस्पिटल पुलापलीकडे आहे. आत्ता निघायला हवं."

मी बाबांकडे पाहिलं. ओठ निळे होते. काच मध्ये नव्हती.

"चल," मी म्हणाले.

क्रिस्पिन गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. बॉनेटवर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "घंटेपासून आठ मिनिटांनी दारं बंद होतात. तोवर गाडी आवाराबाहेर गेली, तर मत बाद. आठच तर मिनिटं!" मग माझ्या खिडकीशी येऊन, आवाज उतरवून, "बाई, तुमच्या नवऱ्याचा विचार करा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

खोटं कशाला सांगू, मला प्लामेन दिसला. विमानतळावर, हातात एक बॅग, अवेळी हसणारा. आमची लेक राडा त्याच्या पायाला मिठी मारून. आणि इकडे माझे बाबा, मास्कमध्ये धुकं, तेही हळूहळू कमी होत चाललेलं. एका बाजूला आठ मिनिटं आणि दुसऱ्या बाजूलाही तीच आठ मिनिटं.

"बाबा," मी वाकले. "थांबू की जाऊ?"

त्यांची मान हलली.

"बघा! हो म्हणाले!" क्रिस्पिन म्हणाला.

ते हो होतं की नाही, मला कळलं नाही. खाली-वर हलली की आडवी, तेही कळलं नाही. बाबा मान हलवत होते की मान टाकत होते, एवढंसुद्धा मला सांगता येईना. घंटा वाजतच होती. आणि तो माणूस त्या मानेकडे बोट दाखवून सौदा झाला म्हणत होता.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि नेस्टाला ओरडून सांगितलं, आवारातल्या पोलिसांना, कोपऱ्यात सिगारेट ओढणाऱ्या वार्ताहरांनाही ऐकू जाईल असं. "या माणसानं काल आमच्या घरी फोन केला! बाबा आले नाहीत तर माझ्या नवऱ्याचा अर्ज दाबून ठेवू म्हणाला! माझा नवरा प्लामेन दिमोव्ह, तीन जणांनी ऐकलंय, फोन स्पीकरवर होता!"

"मी फक्त काळजी व्यक्त केली," क्रिस्पिन म्हणाला.

"तुझ्या काळजीला आग लागो!"

नेस्टानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. क्रिस्पिनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग गाडीकडे पाठ केली. "मला या गाडीत कुणी दिसलं नाही," ती म्हणाली. "मोरागच्या जोडीतला ऑलविन तर घरी झोपलाय. मी कशाला मान हलवू?"

क्रिस्पिन पुन्हा गाडीपुढे जाऊन उभा राहिला. टेसनं ब्रेक सोडला. गाडी सावकाश पुढं सरकली, त्याच्या चकचकीत बुटांपर्यंत. तो बाजूला झाला. असली माणसं शेवटी बाजूला होतात, फक्त गाडी सुरू करावी लागते. पण हे आत्ता म्हणते. तेव्हा पुलावरून जाताना मी बाबांचा हात धरून एवढंच म्हणत होते, श्वास घ्या, श्वास घ्या, आणि मध्येच प्लामेनचं नाव घेत होते, कुणाची माफी मागतेय ते मला ठाऊक नव्हतं.

बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ आवारात काढला असता तर इथं आणायचं कारण उरलं नसतं.

थांबायच्या खोलीतल्या टीव्हीवर निकाल लागला. सरकार सात मतांनी तरलं. समोरच्या पक्षातलेच काही जण ऐनवेळी फुटले होते. बाबांच्या मताची गरजच नव्हती. ज्यासाठी त्यांना पट्ट्यांनी बांधून नेलं, ते कुणाला हवंही नव्हतं. मी हसले आणि शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी नेस्टानं सभागृहात सगळं सांगितलं. वर्तमानपत्रांना आठवडाभराची चैन झाली. क्रिस्पिननं राजीनामा दिला, कुटुंबाला वेळ द्यायचाय म्हणे. लोक मला म्हणाले, शाबास, जिंकलीस.

काय जिंकले? आता प्लामेनचं नाव आणि फोटो साऱ्या देशानं पाहिलाय. माझं दुकान कुठल्या गल्लीत आहे, राडा कुठल्या रंगाचं दप्तर नेते, सगळं छापून आलं. शटरवर लिहिणाऱ्याला पूर्वी शोधावं लागलं असतं, आता पत्ता घरपोच मिळाला. अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. तो दाबला गेलाय की आपल्या गतीनं चाललाय, की क्रिस्पिनच्या हातात कधी काही नव्हतंच, हे आम्हाला कुणी सांगत नाही. भीतीचं हेच तर आहे. ती खरी असावीच लागत नाही.

मोरागचा फोन मात्र आला. तिचा नवरा गेला होता. तरी ती बाबांना म्हणाली, "माशांच्या दलाला, ऐकलं मी. तू आवारात होतास म्हणे."

"होतो," बाबा म्हणाले. "शब्द मोडायलाच आलो होतो."

"नेस्टा म्हणते तुझी मान हलली नाही."

बाबांनी नाकातली नळी सरळ केली. "हलली होती की नाही, मलाच आठवत नाही गं."

"मग नाहीच हलली," मोराग म्हणाली. "मी सांगते. सौदा माझा होता."

काल सकाळी पुन्हा तेच. बाबा खिडकीशी, प्लामेन टोस्टच्या कडा कापतोय, राडा बूट शोधतेय. फोन वाजला. नंबर लंडनचा, ओळखीचा नाही. कुणी हललं नाही. सुरी थांबली. मी बाबांकडे पाहिलं.

त्यांनी हनुवटी एकदा वर उचलून खाली आणली. बाजारात सौदा पक्का करताना करायचे तशी. ह्या वेळी मान हलली ती कुणालाही कळली असती.

प्लामेननं हात पुसले, फोन उचलला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"बोला," तो म्हणाला. "घरात सगळे ऐकतोय."